गुणाजीच्या जीपचा क्लच

दिवाळी सरून आठ-पंधरा दिवस झाले असतील. सहदेव मिस्त्री गॅरेजच्या दारात बसून एका रिक्षाचा कार्बोरेटर धूत होता, तेवढ्यात कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याच्या बाजूनं एक टेम्पो आला. टेम्पोच्या मागे दोरखंडानं बांधलेली जीप. ती बघितली मात्र, सहदेव हातातलं काम टाकून उभा राहिला. ज्या गाडीचं नाव पावसाळाभर घरात कुणी काढलं नव्हतं, ती आज दारात येऊन उभी राहिली होती.

टेम्पोतून दामाजी उतरला. केवढा खंगला होता! गेल्या शिमग्यापर्यंत वल्हं मारणारा माणूस, आता टेम्पोच्या पायरीवरून उतरताना दरवाजा धरत होता.

“मी आयलू, सादेवा,” तो म्हणाला. “हिचा क्लच उघड. माझ्यासमोर उघड. कशान अडकला ता मना बघाचा हाय.”

राम राम नाही, की पाणी मागणं नाही. स्टूल ओढून तो समोर बसला. सहदेवनं रॉकेलचे हात पुसले आणि पान्यांची पेटी आणायला आत गेला. आत त्याची बायको मालन उभी होती. तिनं खिडकीतून सगळं पाहिलं होतं.

“आज काय ते होऊन जाऊ दे,” ती हळूच म्हणाली. “तुमच्या हातनं काही झालेलं नाही, मला ठाऊक आहे.”

“तुला ठाऊक आहे,” सहदेव म्हणाला. “मला कुठं ठाऊक आहे?”

आता हे काय प्रकरण होतं ते सांगायलाच हवं.

दामाजी म्हणजे कोपरच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातलं जुनं खोड. सहदेव देशावरचा, साताऱ्याकडचा. तरुणपणी हात हलवत कल्याणात आला, तेव्हा इथं त्याला कुत्रंसुद्धा ओळखत नव्हतं. दामाजीनं आपल्या होडीचं इंजिन त्याला दुरुस्तीला दिलं, ते नीट झालं, आणि मग सगळ्या वाड्याची इंजिनं सहदेवकडे यायला लागली. तेव्हापासून दोन घरांचं येणं-जाणं. दामाजीकडचं सुकट सहदेवच्या घरी, मालनच्या हातची चटणी दामाजीच्या घरी. माळकरी आईचा हा पोरगा दामाजीच्या ओट्यावर बसून बोंबील खायला शिकला, आता बोला!

गुणाजी हा दामाजीचा एकुलता एक. मोठा हिकमती पोर. लष्कराच्या लिलावातली जुनी जीप त्यानं कुठूनशी पैदा केली. घरात सगळे हसले. कोळ्याला जीप कशाला? पण त्याचं डोकं पक्कं होतं. पावसाच्या आधी होड्या खाडीतून वर ओढून ठेवायच्या म्हणजे एकेका होडीला निम्मा वाडा जुंपावा लागायचा. ती जीप चारही चाकांच्या जोरावर चिखलातून होडी अशी वर काढायची, की म्हातारे कोतारे तोंडात बोट घालून बघत राहायचे. एका मोसमात गुणाजी वाड्याचा लाडका झाला.

जीपचं दुखणं एकच होतं. क्लचचं पेडल भारी जड. मूळच्या सळ्या नि सांधे झिजून गेले होते, आणि दिवसभर होड्या ओढल्या की पोराची मांडी भरून यायची. वैशाखात तो सहदेवकडे आला.

“काका, क्लच नाही हो हा, जातं आहे जातं! काहीतरी करा.”

त्या जुन्या सळ्या बाजारात मिळेनात. मग सहदेवनं आपली अक्कल लढवली. सळ्या काढून टाकल्या आणि दुसऱ्या गाडीची क्लचची वायर कापून-जोडून तिथं बसवली. वायर म्हणजे आत तार, वर नळी, पेडल दाबलं की तार ओढली जाते. पेडल लोण्यासारखं झालं. गुणाजी इतका खूश, की गॅरेजच्या अंगणातच जीपचे चार फेरे मारून गेला.

आणि पाऊस तोंडावर आला असताना, शेवटच्या होड्या काढायच्या वेळी, ते घडलं. खाडीला भरती होती. गुणाजी लो गिअरमध्ये जीप मागे मागे घेत उतारावरून पाण्याशी येत होता. कडेला त्यानं क्लच दाबला, तो दबेना. लो गिअरचा जोर असा असतो, की त्याच्यापुढं चिखलानं माखलेले ब्रेक काय टिकणार? चावी फिरवून इंजिन बंद केलं असतं तर पोर वाचला असता. पण माणूस घाबरला की सवयीच्याच जागी पाय मारतो. काठावरच्या लोकांनी त्याला ओरडताना ऐकलं, “क्लच जाईना रे, क्लच जाईना!” जीप धक्क्यावरून पाण्यात उलटी गेली. आख्खी खाडी पोहून जाणारा पोरगा, स्टिअरिंगखाली अडकला आणि कमरेएवढ्या पाण्यात गेला.

त्याचे शेवटचे शब्द सगळ्या वाड्यानं ऐकलेले. मग काय विचारता! क्लच कुणी केला? सहदेवनं केला. झालं, लोकांनी खटला चालवला आणि शिक्षाही देऊन टाकली. स्वस्तातली वायर घातली म्हणे. खाल्ल्या घरचे वासे मोजले म्हणे. अरे, ज्यांना क्लच कुठल्या पायानं दाबतात हे माहीत नाही, तेही हात नाचवून सांगायचे! वाड्याचं एक इंजिन पुन्हा सहदेवच्या गॅरेजात आलं नाही. बाजारात मालनला कोळणी मासळी देईनात. तिनं टोपलीला हात लावला की टोपलीवर फडकं पडायचं.

ते एक वेळ सोसवलं असतं. पण मन चिंती ते वैरी न चिंती. ती वायर सायलेन्सरच्या नळीजवळून जात होती. ती नळीला टेकू नये म्हणून एक क्लिप लावायची असते. सहदेवला आठवत होतं की क्लिप हातात घेतली होती. पण ती लावली का? घट्ट पिळली का? नेमकं त्याच वेळी कुणीतरी हाक मारली होती. क्लिप राहिली असेल तर वायर तापून, वितळून, आतल्या आत जाम झाली असेल, आणि मग गुणाजीला आपणच मारला, असं तो स्वतःशी म्हणायचा. जेवता जेवता घास हातात धरून बसायचा. जीप बघायला म्हणून वाड्यात जायची त्याची छाती झाली नाही. भरल्या घरातला दिवा आपल्या हातानं विझला की नाही, एवढं एकच त्याला कळायला हवं होतं, आणि कळून घ्यायची भीतीही तेवढीच होती.

आता जीपच दारात आली होती.

सहदेवनं आधी पेडल दाबून पाहिलं. दगड. गाडी पाण्यातून काढल्यावर वाड्यातच उभी होती, तेव्हा गंज तर सगळीकडे चढलेला. पण गंज आला म्हणून मिस्त्रीची रीत बदलत नाही. जड क्लच तुकड्या-तुकड्यानं शोधायचा असतो. सहदेव जीपखाली शिरला आणि वायरीचं मागचं टोक सोडवलं. मागे गिअरबॉक्सला क्लच सोडवणारा दांडा, म्हणजे फोर्क असतो, त्याला पाइप घालून ढकलला. कुरकुरला, पण हलला आणि परतही आला. म्हणजे मागचा दोष नाही.

“काय?” वरून दामाजी.

“मागचं ठीक आहे, दादा.”

मग त्यानं पेडलकडचं टोक सोडवलं. पेडल एकदम सैल पडलं, बोटानं ढकलावं आणि जावं. म्हणजे पुढचाही दोष नाही. पेडल मोकळं, फोर्क मोकळा. राहिली मधली वायर, आणि वायर तर सहदेवची!

दामाजीला यातलं काही समजावून सांगायची गरज नव्हती. त्यानं पेडल लोंबताना पाहिलं होतं. त्याचा श्वास सहदेवला जीपखाली ऐकू आला.

सहदेवनं उताणं पडल्या पडल्या सायलेन्सरच्या नळीवरून हात फिरवला. क्लिप बोटांना लागली. होती! जिथं लावायची तिथं होती, घट्ट पिळलेली, वर त्याच्या सवयीप्रमाणे तारेचे दोन वेढे दिलेले. वायर नळीपासून चांगली वीतभर लांब होती. वायरीवरची नळी कुठं वितळली नव्हती की दबली नव्हती. सहदेवचे डोळे भरून आले आणि पाणी कानात उतरलं. जीपखाली होता म्हणून बरं, कुणाला दिसलं नाही. “आई गं,” एवढंच तो म्हणाला.

मग वायर कशानं अडकली?

त्यानं ती क्लिपमधून सरकवत बाहेर ओढून काढली आणि बाकड्यावर ठेवून करवतीनं वरची नळी कापली. आत तांबडा गंज असेल, भुसा पडेल, असं त्याला वाटलं होतं. गंज होता, पण टोकांना. मधे आख्ख्या तारेभोवती पिवळट तपकिरी असं काहीतरी घट्ट धरलेलं. नखानं खरवडलं तर डिंकासारखं निघालं. त्यानं नाकाशी नेलं आणि तो जागच्या जागी थांबला. इतक्या महिन्यांनी, खाडीचं पाणी पिऊनसुद्धा, वास गेला नव्हता.

मुशीचं तेल! मुशी मासा कापून त्याच्या काळजाचं तेल काढतात, आणि होड्या वर घेतल्या की लाकडाला पाजतात. होडीला ते अमृत. वाळलं की लाकडावर असं बसतं, की पाणी आत शिरत नाही. पण तेच तेल वायरीत गेलं, रोज इंजिनाच्या उष्णतेनं शिजलं, तर त्याचा डिंक होणार नाही तर काय होणार? सहदेवनं बसवताना वायरीत ग्रीस भरलं होतं. मुशीचं तेल गॅरेजात ठेवतो कोण?

“सादेवा,” दामाजी म्हणाला. तो बाकड्याकडे बघत नव्हता, आपल्या तळहातांकडे बघत होता. “आमचे घरान रीत हाय. नवीन वस्तू आयली का पयला त्याल घरच्या म्हाताऱ्यान लावाचा. होडी असू दे, वल्हा असू दे. तू वायर घातलीस तवा होड्यांना त्याल लावाचे दिस. मी सांजचे सांजचे त्या वायरीचे तोंडान थोडा थोडा सोडत व्हतू. पोऱ्या हसाचा. बोलाचा, बाबा, ही काय होडी हाय का? मी बोललू, तुना काय कलतंय? त्याल प्यायली का वस्तू सुखान चालते.”

 मालन चहाचे पेले घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली. दामाजीच्या ओट्यावर तीही बसली होती, तिलाही तो वास ठाऊक होता. तिनं एकदा वायरीकडे आणि एकदा नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर काय लिहिलं होतं ते सांगायला नको. सुटलो! बोला, आत्ताच्या आत्ता बोला!

“काय निघाला?” दामाजीनं विचारलं.

सहदेवनं आधी पळवाट शोधली. “दादा, खाडीचं पाणी गेलंय सगळ्यात. गंजलंय. आता कशानं झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.”

“पानी मागून गेला,” दामाजी म्हणाला. “क्लच आधी अडकला. माझे कानान ऐकलाय मी, क्लच जाईना बोलला तो. तू मिस्त्री हायस. तुना कलत नाय आसा होनार नाय.” मग त्याचा आवाज चिरकला. “ता त्याल... माझा त्याल तर नाय ना रं, सादेवा?”

म्हातारा हेच विचारायला आला होता. वाडा सहदेवच्या नावानं खडे फोडत होता, आणि हा घरात कोपऱ्यात बसून आपल्या तळहातांकडे बघत होता. सहदेवला ते लख्ख कळलं, कारण पावसाळाभर त्यानंही दुसरं काही केलं नव्हतं. फरक इतकाच, की सहदेवच्या हाताखाली आज क्लिप लागली होती. दामाजीच्या हाताला काय लागणार होतं?

“थांबा,” सहदेव म्हणाला. “एक गोष्ट बघायची राहिली.”

तो पुन्हा जीपखाली शिरला. तारेचे वेढे उलगडले, क्लिप सोडवली आणि खिशात टाकली. पाना दोनदा हातातून निसटून छातीवर पडला. जगात तेवढी एकच वस्तू त्याच्या बाजूनं साक्ष देणारी होती. मग तो बाहेर आला आणि दामाजीच्या समोर उभा राहिला.

“तेलानं काही होत नाही, दादा. तेलानं वायर मोकळी राहते. चूक माझी आहे. सायलेन्सरपाशी एक क्लिप लावायची असते, ती मी लावलीच नाही. वायर तापली आणि आतून जाम झाली.”

“अहो!” मालन म्हणाली. हातातला पेला हिंदकळून चहा तिच्या पायावर सांडला.

“तू आत जा.”

दामाजी उठला. “एकविरा आयची शपत घे.”

खोटी शपथ, तीही एकविरेची, आणि तीही दामाजीच्या पुढ्यात! सहदेव देवभोळा माणूस. दर वर्षी दामाजीबरोबर कार्ल्याचा डोंगर चढलेला. त्यानं गळ्याला हात लावला. “आई एकविरेची शपथ. माझ्या हातनं झालं.”

 दामाजीनं तोंड उघडलं आणि गुरासारखा हंबरडा फोडला. मांड्यांवर हात मारून मारून रडला. पोराला जाळलं त्या दिवशीही म्हणे तो रडला नव्हता. रडता रडता त्याची पाठ सरळ झाली, अंगात ताकद आल्यासारखी. त्यानं सहदेवच्या शर्टाची कॉलर धरली.

“भाऊ मानला तुना मी! माझे ताटान जेवलास! येक क्लिप नाय लावता आयली तुना?”

 सहदेव मान खाली घालून उभा राहिला. दामाजीनं त्याला ढकलला, त्याच्या पायाशी थुंकला, आणि टेम्पोवाल्याला म्हणाला, “चल. ही गाडी इथंच सडू दे. मी या दारान परत पाय ठेवनार नाय.”

टेम्पो गेला. मालन बाहेर आली ती पेटलेलीच.

“वेड लागलंय का तुम्हाला? सगळं हातात होतं! तो वास मलासुद्धा आला. लोक माझ्या तोंडावर थुंकायचे तेवढे बाकी राहिलेत, आणि तुम्ही खोट्या शपथा घेता?”

“मग काय सांगू त्यांना?” सहदेव म्हणाला. “की तुम्ही लाडानं तेल पाजलंत आणि तुमचा पोर मेला? सांग ना, तू जाऊन सांगतेस?”

 मालन पदर तोंडाला लावून तिथंच पायरीवर बसली.

पुढं जे व्हायचं तेच झालं. आजवर संशय होता, आता कबुली झाली. डोंबिवलीपासून पार आंबिवलीपर्यंत ज्याला त्याला ठाऊक झालं की सहदेव मिस्त्रीनं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. रिक्षावालेही दुसरीकडे जायला लागले. अशा माणसाकडे गाडी द्यायची कोण?

थंडी पडली तसा एके दिवशी सहदेव कल्याणच्या बाजारात बेरिंग आणायला गेला होता. मासळीच्या रांगेत टोकाला गुणाजीची बायको जनी बसली होती. कपाळ मोकळं, पुढ्यात बोयांची पाटी. तिला टाळून जावं म्हणून तो वळला, पण तिनं पाहिलं.

“ए मिस्त्री!” तिनं हाक मारली. आजूबाजूच्या बाया वळून बघायला लागल्या. “तोंड कशाला लपवतोस? तुझा नाव आमचे घरान रोज निघतो. सासरा सांज झाली का ओट्यावर बसून तुना शिव्या घालतो. आयमाय काढतो तुझी. मग ताट मागून घेतो, जेवतो, आणि झोपतो ता सकालपरेंत. पोर गेला त्या दिवसापासून धड घास गिलला नव्हता त्यांनी. आता तुझे नावानं शिव्या घालून जेवतान. तुना कसा रं जेवन जाते?”

सहदेव पाटीसमोर उभा राहिला. पिशवी त्यानं या हातातून त्या हातात घेतली.

“भाकऱ्या किती खातात?” त्यानं विचारलं.

जनीला वाटलं, माणूस चळला. “दोन,” ती म्हणाली. “कदी तीन.”

सहदेवनं मान हलवली. भर बाजारात खिशातला तेलकट रुमाल काढून त्यानं डोळ्यांना लावला. जनीनं ते पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, “बघ, आता रडतंय मेलं. केलेला पाप आठवला असंल.”